हेमलीचा धागा

कारंजा, ता. ९ डिसेंबर १९४०

रुपा,

तुह्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. आमी बरे आहोत, तुमी बरे असालच. हे पत्र नेहमीसारखं शेजारच्या भाऊसिंगकून वाचून घेऊ नको. येळ लागला तरी तूच अक्षरं लाव.

सरकी काढायच्या जिनात औंदा कापूस लय आला. बायकांशी माहं रोज भांडण. त्यांचे तान्हे कापसाच्या ढिगाजवळ झोपलेले असतात, मी जाता-येता हलवून उठवते. काल नानीबाई म्हणे, "सटवे, माहं लेकरू झोपलं तं तुह्या पोटात काहून दुखते?" मी त्या लेकराले पुन्हा हलवलं, डोळे उघडले तवाच सोडलं. साऱ्या पाहतच राह्यल्या.

तुहं पत्र भेटलं. तुही धाकटी जमनी पण थोरल्या हेमलीसारखीच निघाली म्हणतं. जेवता-जेवता उठून पळते, घागर विहिरीवरच सोडून येते. अन् लिहिलं, "बाई, तू हेमलीले मंगरूळच्या दर्ग्यात धागा बांधला अन् ती कशी गरीब झाली! तोच जमनीले बांध. मी तिले तुह्याकडं धाडते."

धागा पेटीत आहे. मी तो बांधणार नाही.

तू बाळंतीण होती म्हणून सहा वर्षांची हेमली माह्याकडं ठेवली. दर्ग्यात ती दिवसभर माह्या मांडीवर बसली, तू रडत पाया पडली. आठवते? त्या सकाळी गाडीत बसायच्या आधी मी तिले गुळातून अफू दिली होती. जिनातल्या साऱ्याच पोरांले देतात. तिच्यामागं पळून मले तरास आला होता, अन् मशीनच्या पट्ट्यात जाईल म्हणून भेव. मंग रोजच दिली.

हेमली तापानं गेली म्हणून तुले सांगितलं, पण ताप आलाच नव्हता, रुपा. दुपारच्या सुटीत पाह्यलं तं पोरगी थंडगार पडली होती. ढिगावर.

तू दरसाल त्या दर्ग्यात चादर चढवतं. मी सोबत येते.

कोणाची पोरगी ते न सांगता जमनीच्या पळण्याचं दवाखान्यातल्या डाक्तरले विचारलं. तो म्हणे, "ही खोड नाही. मेंदूतल्या रसात काही कमी पडत असंल, आमाले अजून पुरतं कळलं नाही. परदेशात एका डाक्तरनं अशा पोरांले झोप उडवायचं औषध दिलं, तं ती शांत बसली."

झोप उडवायचं! अन् मी काय देऊन राह्यली होती?

ते औषध इकडं भेटत नाही. दोनदा विचारलं.

आता तू ठरव. मले येऊन झोडप, नाही तं जमनीले धाड. आली तं जिन सोडीन, ती पळंल तिकडं मागं पळीन. नाही धाडली तं नको धाडू, पण कामरगावच्या दुकानातून अफूची गोळी आणू नको. कोणी सासू-नणंद सांगंल, तरी नको. तिले पळू दे.

हेमली अजून माह्या मांडीवर आहे. हलवते, उठत नाही.

तुह्या लेकीले झोपवणारी,
गोमती