बटाट्याच्या वाफ्यापलीकडची जागा

प्रिय तालान्तदादा,

प्रभूच्या नावाने तुला बुरुलचाचा सलाम.

आईची काळजी करू नकोस. काल तिने दूध घातलेला चहा अर्धी वाटी घेतला. खोकल्यातून रक्तही आता कमी पडतं. तू वेळेवर जेवतोस ना? मॉस्कोत बर्फ पडला का?

गावचे प्रमुख, जुमाबेकआजोबा, येऊन गेले. आईची तब्येत विचारली, चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "पोरी, येशूच्या माणसांना आपल्या कबरस्तानात जागा नाही. खड्डा खणायला गावातला एकही गडी येणार नाही. आधीच सांगतोय, मागून रडू नकोस."

आईने आतून सगळं ऐकलं होतं. ते गेल्यावर माझ्या खांद्याचा आधार घेत ती परसात आली आणि बटाट्याच्या वाफ्यापलीकडे काठीने जागा आखून दिली. "इथे. कुठेही पुरलंत तरी प्रभूला मी सापडेन. माझे बटाटे मात्र तुडवू नका."

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर त्याचा हात धरलाय."

मीही धरते, दादा. पण प्रार्थनेत दाराची कडी वाजली की 'आमेन' घशातच अडकतं.

आज त्या जागी मी कुदळ मारून पाहिली. वरचा थर थंडीने कडक झालाय, खाली माती अजून मऊ आहे.

इकडे सगळं ठीक आहे. काम सोडून धावत येऊ नकोस. फक्त जमीन गोठायच्या आत ये.

तुझी धाकटी,
बुरुलचा