रिकाम्या गाडीची स्प्रिंग

३ फेब्रुवारी
मागची चाकं पुन्हा बसली! मॉडेल ट्रक नऊ किलोंचा, वर हौद्यात पाच किलो विटांचे तुकडे – गाडी उंबरठ्याशी शेपूट टेकून समाधिस्थ. दादा खुर्चीतून म्हणाला, "पंडित, ट्रक बनवलास की म्हैस?"

बोलला तरी! तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस. पक्षाघातापासून उजवा हात मांडीवर परक्याच्या सामानासारखा ठेवून बसतो. व्यायामवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर म्हणे, "मी काय तान्हं बाळ आहे?" बोटं आता नाही हलवली तर कायमची जातील, असं बाईंनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलंय. म्हणून हा खटाटोप. रिमोटचं चिमुकलं स्टिअरिंग उजव्या हातानेच फिरवावं लागतं.

६ फेब्रुवारी
चारही स्प्रिंगा कडक घातल्या. ट्रक आता बसत नाही – उड्या मारतो. संस्कृतात याला मण्डूकप्लुति म्हणतात; दादा जे म्हणाला ते लिहिण्याजोगं नाही. रिमोट पुढे केला. "तूच चालव. मी बघतो."

७ फेब्रुवारी
चेंडू पलंगाखाली सापडला. धुळीसकट.

९ फेब्रुवारी
"स्प्रिंगा निवडताना गाडी तोललीस कशी?" दादाची उलटतपासणी.
"रिकामी."
"अगं, ऐकलंस का! तुझा दीर रिकामा ट्रक तोलून आलाय!" वहिनी स्वयंपाकघरातून मनसोक्त हसल्या. माझ्या विद्वत्तेचा असा उपयोग प्रथमच.

भरून तोलली. चौदांपैकी दहा किलो मागच्या चाकांवर! म्हणजे पुढे मऊ स्प्रिंगा, मागे कडक. टायरांचंही तेच – आतला फोम भुसभुशीत, भाराने चपटे होऊन रिंग सोडत होते. "आत घट्ट फोम भर. वरचं रबर मात्र मऊच राहू दे, नाहीतर फरशीवर घसरेल," दादा म्हणाला. शिष्य नम्रपणे उठला.

१२ फेब्रुवारी
सगळं बदललं. रिमोट दादाच्या मांडीवर टाकला – "जरा धर" – आणि मी फरशीवर पालथा, गाल जमिनीला, नजर मागच्या टायरवर. भरलेला ट्रक उंबरठा चढला, उतरला, एक तुकडा सांडला नाही! पलंगाला वळसा घालून माझ्या नाकाशी येऊन थांबला. टायर गोल. रिंग जागेवर. हुश्श! आठ दिवसांनी पोटभर जेवलो.

१३ फेब्रुवारी
चहा देताना वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, काल तुम्ही फरशीवर पालथे होतात. मग गाडी वळवली कोणी?"
मी टायर बघत होतो!