बिननावी चिठ्ठीवरची छोटी सही

प्रति,
मा. अधीक्षक,
पाणी मीटर तपासणी कक्ष

विषय : मनमोकळ्या बैठकीतील माझी चिठ्ठी मागे घेऊ देणेबाबत.
संदर्भ : सूचनाफलकावरील आपले परिपत्रक, 'नाव लिहू नये, राग धरू नये, कारवाई होणार नाही'.

महोदय,

टेबल क्र. ३ वर मी एकोणीस वर्षे मीटर तपासले. गेल्या सोमवारपासून मला फाटकावर आवक-जावक वही लिहायला बसवले आहे. हे कसे झाले ते क्रमाने मांडतो.

१. कक्षातील वातावरण सुधारावे म्हणून आपण आम्हा आठ जणांना गोल बसवले. प्रत्येकाने इतर प्रत्येकाची सुधारण्याजोगी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, मग सर्वांनी मिळून आत्मपरीक्षण करायचे, असे ठरले. त्यासाठी बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "इथलं इथंच राहील." मी विश्वास ठेवला.

२. बाईंना आमची सवय ठाऊक नव्हती. खाली उजव्या कोपऱ्यात छोटी सही केल्याशिवाय आमच्याकडे कागद टेबल सोडत नाही. इतक्या वर्षांनी हात आपोआप वळतो. बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या, त्या जवळजवळ सगळ्या सहीनिशी. सगळे हसले. मीही हसलो.

३. मग माझ्याबद्दलची एक वाचली गेली : 'यांना बारीक आकडे दिसत नाहीत. यांचे मीटर दोन वर्षे मी पुन्हा तपासतो.' बाईंनी ती माझ्या हातात दिली. त्या सहीचा झोका ओळखायला मला भिंग लागत नाही. सही मास्तरांची होती.

४. मास्तर म्हणजे टेबल क्र. ४. अक्षर सुंदर, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षे आम्ही एका बाकावर डबा खाल्ला. डोळ्यांचे मी फक्त त्यांनाच सांगितले होते, घरीसुद्धा नाही. केसाने गळा कापणे आजवर नुसते ऐकून होतो.

५. त्यांच्याबद्दल मी लिहिले होते : 'दोष आढळला नाही.' आमचा शिक्काच तो. ती चिठ्ठीही वाचली गेली. मास्तर फरशीकडे पाहत राहिले.

६. चुकीचा मीटर कुणाच्या तरी घरी लागतो, हे मला मान्य आहे. म्हणून टेबल परत मागत नाही. पण आमची टेबले इतकी शेजारी, की त्यांनी हात लांबवला तर माझा खांदा लागे. "आता थांबा हो," एवढे म्हणायला आठ माणसे आणि बिस्किटांचा डबा कशाला लागावा? दोन वर्षे ते मागे थांबत आणि मी निघताना म्हणत असे, "मास्तर, तुमचा हात फार हळू चालतो." ते हसत असत. ते हसणे आठवले की मला जेवण जात नाही.

सबब विनंती :

(अ) माझी वरील चिठ्ठी मागे घेऊ द्यावी. नवी अशी वाचावी : 'दोष : तोंडावर बोलत नाहीत.'

(आ) फाटकावरची जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी होते. ती कक्षाच्या वेळेला लावावी. मास्तरांनी त्यांचे वाक्य एकदा बाकावर बसून माझ्या तोंडावर म्हणावे. तेवढे ऐकले की माझी तक्रार नाही.

आपला, दुखावलेला पण रोज वेळेवर हजर असणारा,
(छोटी सही)
मीटर तपासनीस, सध्या फाटक
दि. १४ जून

सोबत : १. मास्तरांची चिठ्ठी, मूळ. वाचून परत मिळावी.
२. चष्म्याच्या नंबराचा कागद. तो आणायला मास्तरच सोबत आले होते.

ता. क. : यापूर्वीचे माझे सर्व अर्ज मास्तरांनी लिहून दिले. हा पत्नीने लिहिला आहे. तिला डोळ्यांचे कालच कळले, त्यामुळे मधे दोन ठिकाणी शाई फुटली आहे.