डॉक्टरांचे दोन बाक

प्रिय बाबा,

आज सकाळी आईचा फोन आला आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. इथे वॉटफर्डमध्ये कोणापुढे बोलू? ऑफिसमधल्यांना आपल्या तिकडच्या रस्त्यावरचं कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण म्हणजे इतिहासातला धडा वाटतो. म्हणून तुम्हालाच लिहितेय. मराठी तुम्ही शिकवलीत, आता भांडणही मराठीतच ऐकून घ्या.

बाबा, तुमचा बाक जाळला.

कुठला, ते सांगते. तुमच्या नावाचे बाक दोन आहेत, हे तुम्हाला कुठे ठाऊक! तुम्ही गेलात आणि रस्त्याच्या वरच्या अंगाचे तुमचे प्रोटेस्टंट पेशंट आईकडे आले. डॉक्टरांच्या आठवणीसाठी रस्त्यावर बाक बसवायचाय म्हणाले. आई हो म्हणाली. थोड्या दिवसांनी खालच्या अंगाचे कॅथलिक आले, तेही तेच घेऊन. आई त्यांनाही हो म्हणाली! "दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं गं?" दोघे मिळून एकच बसवा, एवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही. आणि निघालं असतं तरी ऐकलं कोणी असतं?

तुम्ही तर दवाखान्याच्या वेटिंग रूममधल्या सगळ्या खुर्च्या काढून एक लांब बाक टाकला होतात. "शेजारी बसवलं की बसतात गं!" किती रुबाबात सांगायचात. बसायचे बाबा, आपलं नाव पुकारेपर्यंत. बाहेर पडले की एक वर, एक खाली.

आणि ते बारा जुलै! नारिंगी पट्टे गळ्यात घालून, ढोल बडवत, जुन्या लढाईतला विजय मिरवत वरच्या प्रोटेस्टंटांची परेड मुद्दाम कॅथलिकांच्या घरांवरून जायची. तुम्ही दारात लिंबाच्या सरबताचा जग घेऊन उभे. त्यांना पाजून झालं की तोच जग घेऊन कोपऱ्यावर, निषेधाचे बोर्ड धरलेल्या कॅथलिकांकडे. त्यांतल्या एकानेही ग्लासला हात लावला नाही. "तहान नसेल त्यांना," म्हणालात. इतके कसे हो भोळे? की सगळं कळत होतं आणि माझ्यापासून लपवत होतात?

परेडच्या आदल्या दिवशी वरच्या अंगाला लाकडं रचून केवढी मोठी होळी पेटवतात, आठवतंय ना? या वर्षी खालचा बाक उचकटून तिच्यावर चढवला. तुमच्या नावाच्या पाटीसकट! तुमच्या रिसेप्शनिस्ट मॉरीनने सकाळी ती रिकामी जागा पाहिली आणि रडत आईकडे आली.

मागोमाग वरचा सॅम आला. तोच, ज्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठून धावला होतात. टोपी हातात धरून आईला म्हणाला, "मिसेस जोशी, वाईट वाटून घेऊ नका. पोरांनी डॉक्टरांचा बाक नाही जाळला. त्या लोकांचा जाळला."

समजूत काढत होता, बाबा! आणि आईने त्याला चहा करून दिला. मी असते तर दारातूनच हाकलला असता.

तुम्हाला अग्नी आम्ही एकदा दिला होता. तुमच्या लाडक्या पेशंटांनी दुसऱ्यांदा दिला. आता खालचे म्हणतायत, वरचा बाकही राहत नाही. म्हणजे तिसऱ्यांदाही!

तसं मी होऊ देणार नाही. शनिवारी येतेय. वरच्या बाकावरची तुमची पाटी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, स्क्रू काढून घेऊन जाणार. कोणी एक शब्द बोलून तर दाखवू दे! दवाखान्यातला तो लांब बाक आईने किचनमध्ये ठेवलाय. तो आणि आई, दोघांना वॉटफर्डला आणते. पाटी त्याच्यावर लावीन. मग मी आणि आई त्यावर बसू. शेजारी शेजारी बसणारी तुमची माणसं आता एवढीच उरलीत, बाबा.

तुमची,
चिऊ