कानबाईसमोरची खुर्ची

माय,

आज दवाखान्याचा खर्च आला तो असा: गुडघ्याचा पट्टा साडेसहाशे, गोळ्या चारशे ऐंशी आणि गुडघ्याच्या आतला फोटो साडेचार हजार. एवढा महाग फोटो लग्नातही निघाला नव्हता, आणि यात तर तोंडही दिसत नाही. जळगावची ही डॉक्टरीण अगदी पोरसवदा. फोटो उजेडावर धरून म्हणाली, "मावशी, दोन हाडांमधली गादी झिजलीय. ती परत उगवत नाही." मी विचारलं, "नवीन बसवतात म्हणे?" तर म्हणाली, "ते तरुण पोरांना, खेळताना तेवढाच तुकडा उडाला असेल तर. तुमची सगळीकडून पातळ झालीय. आधी मांडीचे व्यायाम करा, वजन उतरवा. नाहीच भागलं तर इंजेक्शन, पण त्याचा आराम काही महिन्यांचा. आणि आजपासून जमिनीवर बसणं बंद. पूजासुद्धा खुर्चीवर."

तिथेच उठायला हवं होतं, बाहेर माणसं खोळंबली होती. पण तोंडून निघून गेलं, "आणि एखादीची गादी पुरतीच गेली असेल, हाडावर हाड घासत असेल, पाय बाहेर वाकले असतील, तर?" ती सहज म्हणाली, "मग सांधा बदलायचा. दुसऱ्या दिवशी धरून उभं करतो आम्ही. कोण आहे? घेऊन या ना त्यांना." मी म्हटलं, "लांब असते."

तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. अजून दिसतेस ती दोंडाईच्याच्या मिरचीच्या पथारीवर. दिवसभर उकिडवी बसून देठं खुडतेस, संध्याकाळी भिंत धरून उठतेस, आणि आम्ही म्हणतो, वय झालं, चालायचंच. रात्री तेल, फार झालं तर बिब्ब्याचा चटका. याहून काही असतं हे आपल्या घरात कुणाला ठाऊक होतं? तुझ्या शेवटच्या श्रावणात घरी कानबाई बसली होती. बायका खाली बसून गाणी म्हणतायत आणि तू दाराची चौकट धरून उभी. काकू म्हणाली, "अक्का, आज तुना पहारा शे का?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. "मंग काय, देवीपेक्षा उच्ची बसू का मी? उभीच बरी शे." आरती होईस्तोवर उभी होतीस. रोटाचा प्रसादही तसाच, उभ्या उभ्या खाल्लास. खुर्ची शेजारच्या घरी होती, पण ती आणावी असं कुणाच्याच मनात आलं नाही.

यंदा सून म्हणते, "आई, कानबाईपुढे तुमची खुर्ची मांडते. देवी नाही रागावणार." मोठी जाऊ लगेच, "मांड गं, वर उशीही ठेव. दोन-दोन देव्या होतील." मी अजून हो म्हटलेलं नाही. बसले तर माझा गुडघा अजून काही वर्षं निभेल, हे कळतं मला. देवी रागावेल असंही वाटत नाही. पण त्या खुर्चीवर टेकल्यावर दाराकडे बघवेल का, ते कळत नाही.

पाकीट-तिकीट काही आणलेलं नाही, तरी विचारते. तेव्हा कुणी शेजारची खुर्ची आणून तुझ्यासाठी ठेवली असती, तर तू बसली असतीस का? एवढंच उलट टपाली कळव. आणि खरं सांगते माय, मला 'नाही' हवंय. बसलेच नसते, असं लिही. खोटं असलं तरी लिही.