नवसाची मेणबत्ती आणि माझी मारुती

२ नोव्हेंबर १९८६, रविवार
कबरस्तानातून आल्यावर आईने पुन्हा विषय काढला. गेल्या वर्षी मी टायफॉइडमधून उठलो, म्हणून तिचा नवस आहे : माझ्या उंचीची मेणबत्ती ३ डिसेंबरच्या सणाला जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये वाहायची. मेणबत्ती आली आहे. पाच फूट आठ इंच. आई म्हणते, सांडोरहून गावाची बस जाते, तिने जाऊ. संताप आला. दारात मारुती उभी असताना? छोट्या गाडीत पाठ दुखते, म्हणाली. मग गाडी सुधारू. संकल्प : आईला मीच नेणार. आणि रागावणार नाही.

९ नोव्हेंबर
गोखिवऱ्याला अँथनीकडे. रिक्षांच्या सीट बनवतो. आधी माझ्या सीटवर चार इंच फोम सांगितला. म्हणाला, सर, सीट मोठी होईल, गाडी नाही होनार. मी बी.एस्सी. आहे, हे त्याला सांगावं लागलं.

१५ नोव्हेंबर
फोम बसला. डोकं छताला लागतं. सालोमी म्हणाली, मान घरी ठेवून जा. बायकोने असं बोलावं? रागावलो. चूक माझी आहे का, यावर प्रामाणिकपणे विचार केला. नाही. चार इंच म्हणजे दाबण्याआधी चार इंच, हे अँथनीला कळायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, दुपारी
सीट मागे कलंडवली. मान मोकळी. रस्ता थोडा कमी दिसतो.

२३ नोव्हेंबर
पुढची डावी सीट काढून टाकली. डॅशबोर्डपासून पार मागपर्यंत गादी. आई पाय पसरून गोव्याला जाईल. सालोमी माझ्या मागे, अंग चोरून. वटारपर्यंत ट्रायल. आई वाटेतच उठून बसली. मेल्यावर झोपायचंच आहे, आत्ता बाहेर बघू दे, म्हणाली. ज्यांच्यासाठी करावं, ते असे.
संध्याकाळी चर्चमध्ये कुमसाराला, कबुलीजबाबात, रागाचं पाप सांगितलं. कारणंही सांगितली. सगळी ऐकायला फादरांना वेळ नव्हता.

२९ नोव्हेंबर
उद्या निघायचं आणि मेणबत्ती गाडीत मावत नाही. तेवढी लांब जागा एकच, तिथे आईची गादी. टपावर उन्हात वितळेल. आई म्हणाली, राहू दे रे, बसने जाऊ. त्या एका शब्दाने डोकं फिरलं. करवत आणली आणि मेणबत्ती मधोमध कापली. तिकडे जाऊन जोडणार होतो. तर्काला धरूनच होतं.
आईने दोन्ही तुकडे पाहिले. म्हणाली, कंबरेत कापलंस स्वतःला.

३० नोव्हेंबर
सालोमीने तापल्या उलथन्याने तुकडे जोडले. अर्धा इंच कमी भरली. आईने मला भिंतीला उभं करून पुन्हा मापलं आणि वर मेण चढवायला लावलं. मी मदत करू का विचारलं. दोघी एकदम नको म्हणाल्या.

१ डिसेंबर, सकाळी साडेसहा
बस गेली, आई आणि सालोमीला घेऊन. मेणबत्ती केळीच्या खोडाच्या सोपात गुंडाळली होती. क्लीनर ती टपावर चढवू लागला, तर आई म्हणाली, माझा मुलगा आहे तो, वाकवू नकोस. मग कळलं, तिने तीन जागा २ नोव्हेंबरलाच सांगून ठेवल्या होत्या. तिसरी माझी, खिडकीजवळची. तिथे मेणबत्ती तिरकी टेकवली. मला म्हणाली, तू ये सावकाश, तुझ्या गाडीने.

सव्वासात
गाडीतल्या गादीवर आडवा होऊन पाहिलं. बरोबर मावतो. पाठ अजिबात दुखत नाही.