अंगणवाडीजवळची हापशी

पुसद
११ फेब्रुवारी

प्रिय बाई,

जय सेवालाल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी सरली, दुपारी पंखा लावावा लागतो.

फोन सोडून भावानं पत्र कायले लिहिलं, असं तू म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ओट्यावर दोघी-तिघी बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही. विशेष काही नाही, तरी पण नको.

तुझे गुडघे कसे आहेत? दिवाळीत तुला मांडी घालून बसता येत नव्हतं, उठताना भिंतीचा आधार घेत होतीस. सुनबाईला, निकिताला, कितवा महिना लागला? तुझा नातू बादल अजून हसताना तोंडावर हात धरतो का? तुमच्याकडे प्यायचं पाणी अंगणवाडीजवळच्या हापशीचंच ना?

माझं सध्याचं काम सांगतो. जगभरचे शास्त्रज्ञ मासिकांत जे संशोधन छापतात, ते शोधून देणाऱ्या ऑनलाइन सेवा असतात. आमच्या कॉलेजला त्यातली एक घ्यायची आहे. दोन कंपन्यांनी त्यांच्या सेवा थोडे दिवस फुकट वापरायला दिल्यात आणि कोणती घ्यावी याचा अहवाल ग्रंथपाल म्हणून मला द्यायचा आहे. प्राचार्य सरांना वाटतं, हे बसल्या बैठकीचं काम. पण नुसतं पाहून कळत नाही. एकच प्रश्न दोन्हीकडे टाकायचा. कुठे कामाचं सापडतं, कुठे नुसता कचरा येतो, लेख पूर्ण उघडतो की चार ओळी दाखवून पुढे कुलूप, हे सगळं पाहावं लागतं.

मोठे विषय टाकले तर दोन्ही सारख्याच वाटल्या. म्हणून मी आपल्याकडचं टाकायला लागलो. बोंडअळी. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक. मग दारव्हा तालुक्यातलं भूजल.

इथवर लिहून मी उठलो होतो. चहा पिऊन परत बसलोय.

पहिल्या सेवेत काहीच आलं नाही. दुसरीत एक लेख आला, काही वर्षांपूर्वीचा. संशोधकांची एक तुकडी बाटल्यांत पाण्याचे नमुने घेत गावोगाव फिरली होती. तुला आठवत असेल, आपल्या तांड्यावरही आली होती, तू त्यांना जेवू घातलं होतंस. लेखाच्या शेवटी गावांचा तक्ता आहे. आपल्या तांड्याचं नाव इंग्रजीत इतकं चुकीचं लिहिलंय की पहिल्यांदा माझी नजर त्यावरून तशीच पुढे गेली. नावापुढे लिहिलंय: हापशी, अंगणवाडीजवळ.

बाई, त्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या तिपटीहून जास्त आहे.

मला वाटलं, दुसरा कुठला तरी तांडा असेल. तक्त्यात जागेचे अक्षांश-रेखांश होते, ते फोनच्या नकाशात टाकले. ठिपका तुझ्या अंगणवाडीच्या पत्र्यावर पडला. मग वाटलं, आकडा चुकला असेल. रसायनशास्त्राच्या सरांना गाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, खोल बोअरच्या पाण्यात खडकातून असं उतरतं. लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर तपकिरी डाग पडतात, ते घासून जात नाहीत. वर्षानुवर्षं पीत राहिलं तर हाडं, सांधे आखडतात. उकळून उपयोग नाही, उलट वाढतं.

मुलं दात घासत नाहीत म्हणून तू पदरचे पैसे घालून त्यांना ब्रश आणून दिलेस. ती हापशीसुद्धा तूच आणलीस. बायकांना घेऊन दारव्ह्याला पंचायत समितीसमोर बसलीस, लोकांची बोलणी खाल्लीस. पाणी लागलं त्या दिवशी तुझा चेहरा मी पाहिला होता. गेला आठवडा मी रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो.

तुझे गुडघे त्यामुळेच दुखतात असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण निकिता आणि बादलला आजपासून ते पाणी देऊ नकोस. तांड्यात कसं सांगायचं ते मला सुचत नाही. लेखाची प्रत सोबत जोडतो. रविवारी येऊ का?

तुझा,
इंद्रजीत

---

हरसिंग तांडा, बोरी अरब
३ मार्च

प्रिय इंद्रजीत,

जय सेवालाल. तुझं पत्र भेटलं तवा अंगणवाडीत लेकरं खिचडी खाऊन राह्यली होती. गुडघे, महिना, हसणं, चहा, सगळं वाचत गेली अन् मले वाटलं तुलेच काही झालं. असं कोणी लिहिते का? सरळ लिहायचं.

पुढचं वाचलं अन् समोर पाहिलं तर लेकरं हापशीवर जाऊन ओंजळीनं पाणी पेत होती. मी उठली अन् माझी ओढणी दांड्याले बांधून टाकली. दुसरं काही सुचलंच नाही.

तू रविवारी येऊ का म्हणला, पण पत्र भेटलं तवा तो रविवार गेलता, मंग मी थांबली नाही. आपल्या तांड्याच्या नायकाकडं, प्रेमसिंगकाकाकडं गेली. ते म्हणे, "ममता, तूच आणली ही हापशी अन् आता तूच म्हणतं पेऊ नका?"

मी म्हणली, "हो काका. तवा माहीत नव्हतं, आता माहीत झालं."

"त्या कागदावर आपलं नाव तरी बरोबर आहे का?"

"नाव चुकलं. जागा बरोबर आहे."

मग म्हणे, आपण आपलं पाणी तपासून घेऊ. मी बाटली भरली अन् एसटीनं यवतमाळले तपासाले देऊन आली. निकाल येईपर्यंत मले जेवण गेलं नाही. बायका बोलत, ममताबाईचं डोकं फिरलं, भावानं इंग्रजी कागद धाडला म्हणून चांगलं पाणी बंद करते. मले रोज वाटे, माझंच डोकं फिरलं असावं. देवाजवळ तेच मागत होती.

आकडा तोच आला. थोडा जास्तच.

आता ग्रामपंचायतीनं हापशीले लाल रंग मारला. धुण्या-भांड्याले चालते, पेयाले नाही. नायकानं वावरातली विहीर सगळ्याईले मोकळी केली. लांब पडते. मी पण जातो, हळूहळू. कोणी माझ्यासंगं बोलते, कोणी नाही बोलत.

निकिताले सातवा आहे. ती पोटावर हात ठेवून माझ्याकडं पाहते. डॉक्टरीणबाई म्हणे, पाणी बदललं ते बरं केलं, पुढचं पाहू. बादलचे डाग जाणार नाही म्हणे. मी त्याले जवळ घेतलं अन् सांगितलं, तुह्या घासण्यात काही कसर नव्हती. त्याले काय समजलं माहीत नाही.

ते बाटलीवाले लोकं माझा नंबर लिहून घेऊन गेलते. तो नंबर आजही तोच आहे.

तुझ्या अहवालात ती दुसरी सेवा घ्या म्हणूनच लिही. साहेब काही म्हणो. अन् एक काम कर. त्या तक्त्यात आपल्या नावाच्या वर अन् खाली आणखीन गावं आहेत, तू मले एकाचंही नाव सांगितलं नाही. नकाशात टाकून पाह्य, कोणतं गाव आहे ते खरं नाव मराठीत लिहून पाठव. तुमचे फुकटचे दिवस संपायच्या आत. तिथल्या अंगणवाडीच्या बाया मले मीटिंगमधी भेटतात. एकेकीले मी फोन करतो.

पहिल्यांदा काय बोलावं ते अजून ठरत नाही. तू आठवडाभर फोन काहून ठेवून देत होता, ते आता समजलं.

नावं लवकर पाठव.

तुझी बाई,
ममता